फाल्गुन अमावस्येला नील बेटावर

अंदमानला कधी जावे, हा प्रश्न आम्ही परत आल्यापासून रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या गल्लीत मला इतक्यांनी विचारला आहे, की एकदा नीट लिहूनच ठेवावे असे ठरवले. उत्तराचे दोन भाग आहेत. महिना कोणता, हा पहिला भाग. तो प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत सापडतो आणि अर्धामुर्धा बरोबर असतो. दिवस कोणता, हा दुसरा. तो कोणत्याही पत्रकात नसतो, आणि आमच्या प्रवासाचे सगळे यश त्या दुसऱ्या भागावर उभे होते.

यश हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे, कारण ही सहल नव्हती. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मला समुद्रविज्ञानाच्या संशोधनासाठी किनाऱ्यावरच्या एका संस्थेत प्रवेश मिळाला होता. रेल्वेत आयुष्य काढलेल्या बाबांना मुलीने घराबाहेर पडण्यात काही वावगे वाटत नव्हते. आईला वाटत होते. आई यवतमाळकडची, लग्न होऊन रायपूरला आली. तिने समुद्र पाहिला तो फक्त टीव्हीवर, आणि तोही त्सुनामीच्या दिवसांत. त्याला काही वर्षे उलटली होती, पण घरे, झाडे, माणसे ओढून नेणारे ते काळे पाणी तिच्या डोळ्यांतून उतरले नव्हते.

"काहून तुले पाणीच पाहिजे?" ती विचारायची. "इथं राजधानी झाली, रोज नवं ऑफिस उघडून राहिलं. एखाद्यात बस ना."

मी भरती-ओहोटीचे, वाऱ्यांचे, प्रवाहांचे सगळे शास्त्र तिला समजावले. तिने भाजी निवडत ते शांतपणे ऐकून घेतले आणि आपली अट सांगितली. "आधी मले दाखव तो तुझा समुद्र. मले भेव नाई वाटलं, तं जा. भेव वाटलं तं तो विषय पुन्हा काढायचा नाई."

म्हणजे माझी पुढची काही वर्षे आईच्या पहिल्या नजरेवर अवलंबून होती. आता ती नजर कोणत्या दिवशी आणि कुठे पडावी, एवढेच माझ्या हातात होते.

महिना

रायपूरकरांना समुद्र म्हटले की पुरी आठवते. ती मी सर्वांत आधी बाद केली. पुरीची लाट बारमाही किनाऱ्यावर आपटते. घाबरणाऱ्या माणसाची समुद्राशी पहिली ओळख तिथे करून देणे शहाणपणाचे नाही. मला प्रवाळांच्या कुंपणामागचे उथळ, स्वच्छ पाणी हवे होते. ते अंदमानात आहे.

"मग मे महिन्यात जाऊ," बाबा म्हणाले. "मे मस्त सूखा असतो. पाऊस येतो जूनमध्ये."

ही चूक आपण रायपूरकरच करू शकतो, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहिते. आपल्या डोक्यात प्रवास म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, आणि पाऊस म्हणजे नवतपा, मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, संपल्यावर येणारी गोष्ट. पण जो पाऊस आपल्याकडे जूनमध्ये येतो, तो वाटेत कुठेतरी आधी पोहोचलेला असतोच, आणि ते ठिकाण म्हणजे अंदमान. आपण नवतप्यात कूलरसमोर बसून आभाळाकडे पाहत असतो, तेव्हा तिथे बोटी रद्द होऊ लागलेल्या असतात. पुढे सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्येचा वारा. त्यानंतर उपसागरातल्या वादळांचे दिवस. डिसेंबर-जानेवारीला पत्रके 'सर्वोत्तम काळ' म्हणतात; हवा खरोखर उत्तम असते, पण ईशान्येचा वारा पूर्वेकडचे किनारे ढवळत ठेवतो, आणि गर्दी तर अशी की पाण्याकडे पाहायला आधी माणसे बाजूला करावी लागतात. उरतात फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलचा पहिला भाग. एक वारा थकलेला, दुसरा अजून उठलेला नाही. मधल्या या खिडकीत पाणी काचेसारखे स्थिर होते.

माझा महिना ठरला: मार्च. आमच्या दिनदर्शिकेत, फाल्गुन.

दिवस

दिवसाचा प्रश्न मात्र घरात पेटला. कारण मी निवडलेला दिवस होता फाल्गुन अमावस्या.

"अमावस्येले समुद्र खवळते," आई म्हणाली. "हे तं आमच्या गावातल्या शाळेतही शिकवत होते. अमावस्या-पुनवेले उधाण. तुले एम.एस्सी.ले नाई शिकवलं?"

शिकवले होते, आणि आईचे म्हणणे अगदी बरोबर होते. फक्त ते अर्धे होते. अमावस्येला सूर्य आणि चंद्र एकाच बाजूने ओढतात, म्हणून समुद्र सर्वांत जास्त आत येतो. आणि त्याच कारणाने, काही तासांनी, सर्वांत जास्त मागेही जातो. उधाण दिसते, त्याची बातमी होते. ओहोटी कोणाच्या नजरेत भरत नाही. त्यातही मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात त्या सुमाराची अमावस्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या ओहोट्यांपैकी एक घेऊन येते. नील बेटाच्या एका किनाऱ्यावर तेव्हा दुपारनंतर समुद्राचा तळ उघडा पडतो. पोहता न येणारे, बोटीत न बसणारे माणूस तिथे पायी चालत प्रवाळ पाहू शकते. आईसाठी याहून सुरक्षित दार मला सापडत नव्हते.

तह झाला तो असा. अमावस्येच्या आधी बेटावर पोहोचायचे, अमावस्येला प्रवास करायचा नाही, त्या दिवशी आई पाण्यात पाय घालणार नाही, काठावरून पाहील तेवढे पाहील. दुसऱ्या दिवशी पाडवा, तो तिथेच. संसार सुरू झाल्यापासून आईच्या घरी गुढी उभारली नाही असा पाडवा गेला नव्हता. तिने पंडरीच्या बाजारातून गुढीसाठी पिवळे रेशमी कापड आणले, तांब्याचा गडू घासून सामानात घातला, साखरेच्या गाठी डब्यात बांधल्या. शेजारच्या वंदनाकाकूंनी वाटेसाठी ठेठरी-खुर्मीचा फराळ दिला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "अमावस्येचा मुहूर्त काढणारी पोट्टी पहिल्यांदा पाहून राहिली मी."

पोर्ट ब्लेअर

रेल्वेचा आणि विमानाचा भाग मी गाळते. बाबांनी कोलकात्यापर्यंत प्रत्येक स्टेशनावर गाडी किती उशिरा आहे हे सांगितले, आणि विमानात त्यांना तसे काही सांगता येईना म्हणून करमले नाही.

पोर्ट ब्लेअरला उतरताना रायपूरच्या कोरड्या मार्चनंतर पहिल्यांदा अंगाला लागली ती हवेतली ओल. आईने पदराने कपाळ टिपत म्हटले, "इथं पापड वाळत नसतीन." तिची निरीक्षणे अशीच असतात. आर्द्रतेवर मी व्याख्यान दिले असते, ते तिने चार शब्दांत आटोपले.

खरा घोळ बोटीचा झाला. ज्या दिवशी आम्ही नीलला जाणार होतो, त्या दिवसाच्या बोटीत जागा नव्हती. मिळाली ती दुसऱ्या दिवशी सकाळची. आईने सोबत आणलेल्या दिनदर्शिकेचे पान काढले, पाहिले आणि पलंगावर बसली.

"ह्या दिवशी लिहिलं हाय, अमावस्या प्रारंभ. मी नाई जात."

माझा सगळा हिशेब एका ओळीत कोसळत होता. एक दिवस थांबलो तर ओहोटी हातची जाणार. मी वाद घालायला तोंड उघडले, तोच बाबा बोलले.

"मी एवढी वर्षं रेल्वेत होतो. अमावस्येले एक गाडी बंद नाई राहिली."

"म्हणून तं लेट होत होत्या," आई म्हणाली.

मग आईनेच चष्मा लावून ते पान पुन्हा जवळ धरले. चौकटीतली बारीक अक्षरे ती ओठांनी वाचत होती.

"बोट किती वाजता?"

"सकाळी. उजाडल्यावर लगेच."

"अमावस्या लागते दुपार टळल्यावर," ती म्हणाली. "सकाळी तं चतुर्दशीच हाय. उठा, सामान बांधा."

मी आईच्या या शास्त्राला नेहमी हसत आले होते. त्या संध्याकाळी लक्षात आले, की मी भरतीचे कोष्टक पाहते तसेच ती तिथीचे पाहते: प्रारंभ कधी, समाप्ती कधी, आणि मधल्या वेळात काय जमवता येईल.

नील: उधाण

नील बेट लहान आणि हिरवे आहे. बंदरावर उतरून आत वळले की समुद्र विसरायला होतो, इतकी भाजीची शेते: वांगी, भोपळा, केळी, मधूनच नारळ आणि सुपारी. वस्ती बहुतेक बंगाली शेतकऱ्यांची. आमची घरमालकीण मीरादीदी त्यांतलीच. दोन खोल्या पाहुण्यांना देते आणि बाकी वेळ वांगी लावते. जेवायला तिने माशाचे कालवण, भात आणि भोपळ्याची भाजी वाढली. मासा मोहरीत शिजवलेला होता. बाबांनी पहिल्या घासाला डोळे पुसले आणि दुसऱ्यांदा भात मागितला. आई मासे खात नाही. तिने भोपळ्यात साखर का घातली याची चौकशी केली आणि आपल्या डब्यातले तीळ-लसणाचे तिखट दीदीला चाखवले. दीदीने पाण्याचा तांब्या संपवला. दोघींची मैत्री तिथे झाली.

अमावस्येच्या दिवशी सकाळी न्याहारीनंतर मी दोघांना किनाऱ्यावर घेऊन गेले. ही माझी चूक होती असे तेव्हा वाटले. भरतीची वेळ होती, आणि समुद्र झाडांपर्यंत आला होता. वाळू उरलीच नव्हती. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या आडव्या झाडाच्या मुळांत पाणी शिरत होते आणि घोगरा आवाज करून बाहेर पडत होते. वारा नव्हता, लाट मोठी नव्हती. पण पाणी जिथे असू नये तिथे होते, आणि आईला नेमके तेच दिसले.

ती झाडामागे उभी राहिली. बुंध्यावर तिने हात ठेवला होता.

"हे पाहायले आणलं मले?"

"आई, दुपारी..."

"मी मनातल्या मनात हेच पाहत होती, इतकी वर्षं. असंच. झाडात शिरलेलं."

एवढ्यात बाबा पाय धुवायला पुढे गेले होते. त्यांनी मुळावर काढून ठेवलेल्या नव्या रबरी चपलांपैकी एक पाण्याने उचलली, थोडी फिरवली आणि समुद्र ती घेऊन गेला. बाबा गुडघाभर पाण्यात त्या चपलेकडे पाहत राहिले.

"घेतली त्यानं," आई म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. "आज चप्पल. उद्या?"

घरी येऊन ती खोलीत आडवी झाली. मी अंगणात बसले. मीरादीदी वांगी निवडत होती. तिने विचारले, काय झाले. मी सांगितले, आई समुद्राला घाबरली.

"तुम्हारा माँ अच्छा है," ती म्हणाली. "दूसरा टूरिस्ट तो दुपहर को आके हमको डाँटता है, समुद्र किधर गया, हम तो पैसा देके आया. जैसे हम छुपा के रखा है."

मला त्याही अवस्थेत हसू आले. लोक माझ्या दिवसाला येतात, माझी ओहोटी पाहतात आणि तक्रार करतात.

नील: ओहोटी

दुपारी आई यायला तयार नव्हती. शेवटी बाबांनी सांगितले, की एकाच चपलेत त्यांना घरी बसवत नाही, निदान झाडापर्यंत चला, वारा तरी खाऊ. झाडापर्यंत, एवढेच ठरले.

झाड जागेवर होते. समुद्र नव्हता. मुळांपासून सुरू झालेली वाळू ओल्या खडकांत उतरत गेली होती, खडक उथळ डबक्यांत, आणि डबकी दूर, खूप दूर, एका पांढऱ्या रेघेपर्यंत. ती रेघ म्हणजे समुद्र. पांढऱ्या टोप्या घातलेला एक पर्यटकांचा घोळका वैतागून परत फिरत होता. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "यहाँ तो कुछ है ही नहीं."

पुराव्यावर बोलणे माझ्या शिक्षणात बसते, पण माझा पुरावा माझ्यापेक्षा चांगला बोलत होता, आणि तरी आईचा हात बुंध्यावरच होता.

मग बाबांना त्यांची चप्पल दिसली. बऱ्याच अंतरावर, दोन खडकांच्या फटीत, निळा पट्टा वर करून ती बसली होती.

"अरे, ती पाहा," ते म्हणाले, आणि मीरादीदीच्या नवऱ्याचे मागून घेतलेले मोठे रबरी बूट फटफट वाजवत चालू लागले.

"अहो," आई म्हणाली. "कुठं चालले?"

"चप्पल आणतो."

"एका चपलेसाठी समुद्रात चालले तुम्ही? पाणी आलं तं? अहो, ऐका तं." बाबा ऐकत नव्हते, ते वयानुसार कमी ऐकतात, आणि सोयीनुसार आणखी कमी. आईने साडीचा काठ उचलला आणि त्यांच्या मागे निघाली. "पंडरीत पन्नास चपला भेटतात. आयुष्यभर असंच केलं ह्या माणसानं. प्लॅटफॉर्मवर एकदा छत्री राहिली तं धावत्या गाडीतून उतरले होते." मी तिच्या मागे निघाले, एवढेच सांगत की पाय वाळूवर किंवा मेलेल्या प्रवाळाच्या खडकावर ठेव, रंगीत दिसेल त्यावर नको. ती बोलत होती आणि पाय अचूक ठेवत होती.

बाबांनी चप्पल उचलली, झटकली, त्यातून एक खेकडा पडला. आईने ती हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिली. मग तिने मान वळवली, झाडाकडे पाहिले. झाड आता तळहाताएवढे दिसत होते.

"आपण कुठं उभे हाओत?"

"समुद्रात," मी म्हणाले. "सकाळी इथे तुझ्या डोक्याच्या वर पाणी होते."

ती हलली नाही. भीती वाटते आहे की नाही हे जणू ती आत जाऊन तपासत होती. मग खाली पाहिले. पायाजवळच्या डबक्यात पाणी इतके नितळ होते की आहे हेच कळत नव्हते, आणि त्यात जांभळ्या कडांचा एक मोठा शिंपला उघडा होता. तिची सावली पडताच तो हळूच मिटला.

"लाजला," आई म्हणाली, आणि वाकली.

पुढचा वेळ मी आयुष्यभर जपून ठेवणार आहे. आई एका डबक्यावरून दुसऱ्यावर जात होती. समुद्रकाकडी पाहून म्हणाली, "हा तं दोडका हाय, कोणी जाळून टाकलेला." एका गोल प्रवाळावरच्या वळणांवर बोट फिरवायचा मोह तिने आवरला आणि विचारले, "हे दगड हाय की झाड?" मी म्हणाले, प्राणी आहे, हजारो लहान प्राणी एकत्र राहतात, त्यांनीच हे घर बांधले. तिने विचारले, पाणी नसताना त्यांचे कसे होते. मी सांगितले, काही तास धीर धरतात. पाणी परत येते हे त्यांच्या अंगात ठरलेले असते.

"म्हणजे ह्यांना भेव पाणी गेल्याचं," ती म्हणाली. "आल्याचं नाई."

कोणत्याही परीक्षकाने मला इतका चांगला निष्कर्ष काढून दाखवला नव्हता.

पाणी वळायच्या आधी मी परत निघायला सांगितले. या एका बाबतीत कोणाचेही ऐकू नये: ओहोटी बघायला जाणाऱ्याने भरतीची वेळ आधी पाहावी. परतताना आईने एक रिकामा शंख उचलला; इथून काही नेता येत नाही म्हटल्यावर तो जिथला तिथे, त्याच खळग्यात ठेवला. झाडापाशी पोहोचून ती मुळावर बसली आणि पाणी परत येताना पाहत राहिली. खडक एकेक करून बुडत होते. तिने हात बुंध्यावर ठेवला नव्हता.

पाडवा

सकाळी कडुलिंबाचा प्रश्न उभा राहिला. आईने घरून आणलेला पाला ओलीने काळा पडला होता. मीरादीदीला विचारले, तर तिने परसातल्या झाडाची अख्खी फांदी तोडून आणली. चैत्रात बंगाली लोकही कडुलिंब खातात, वांग्याबरोबर तळून. आईने ते चाखले, आपला गूळ-चिंचेतला कडुलिंब तिला चाखवला, आणि दोघींनी तोंडे वाकडी करत एकमेकींना दाद दिली.

गुढीला काठी बाबांनी मिळवली, नारळ पाडायची लांब बांबूची. तिला पिवळे रेशीम, कडुलिंब, गाठी आणि वर पालथा तांब्याचा गडू. अंगणात उभी केली तेव्हा भरती होती. झाडांमधून पाणी चमकत होते आणि मुळांतला तो घोगरा आवाज इथवर येत होता. आईने हात जोडले. डोळे उघडल्यावर ती त्या आवाजाकडे कान देऊन थोडी थांबली.

मग माझ्याकडे न पाहता तिने विचारले, "तुझ्या त्या संस्थेच्या होस्टेलात गच्ची हाय का?"

"आहे."

"कठडा मजबूत हाय का, ते पाहून घेजो. वारा असते तिकडं. गुढी बांधायची असन तं सुतळी जाड पाहिजे."

बाबा चपलांचा जोड पायांत चढवून पाहत होते. त्यांनी मान खाली घालूनच हसून घेतले. मी म्हणाले, पाहून घेईन.

रायपूर

आम्ही परतलो तेव्हा रायपूर तापू लागले होते. वंदनाकाकू ठेठरीचा रिकामा डबा न्यायला आल्या आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला. त्यांच्या मुलाला सुट्टी मेमध्ये असते. मेमध्ये गेले तर चालेल का. मी वाऱ्यांपासून सुरुवात करणार होते. आईने स्वयंपाकघरातून उत्तर दिले.

"मेमध्ये नको. तिथं पाऊस आपल्याआधी येते. फाल्गुनात जा. अमावस्या पाहून जा."

"अमावस्येले?" काकू म्हणाल्या. "समुद्रावर?"

"हव," आई म्हणाली. "सकाळी पाणी झाडापर्यंत येईन. भेऊ नका. दुपारपर्यंत थांबा."

काकूंनी माझ्याकडे पाहिले. मी सूटकेस भरत होते. "आन् हिले पाठवून राहिली तू? त्या पाण्याजवळ?"

आईने हात पुसत बाहेर येऊन माझ्या कपड्यांवर सुतळीचा एक जाड गुंडा ठेवला.

"पुढच्या पाडव्याले मीच जाईन तिच्याकडे," ती म्हणाली. "तिथी मी पाहीन. वेळ ती सांगन."